त्या दिवशी मी मराठी नव्हते

इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीची समुपदेशक आहे. गरोदर बायकांच्या इतर तपासण्यांबरोबर ही चाचणीही होते. त्या दिवशी समोर चौथ्या महिन्यातली एक मुलगी होती. वेगवेगळ्या तीन किटांवर केलेल्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह. आम्ही हिंदीत बोलत होतो. मध्येच आईचा फोन आला. ‘‘नंतर करते गं,’’ एवढंच बोलले.

‘‘तुम्ही मराठी?’’

एरवी इथे हा प्रश्न निघाला की पाच मिनिटांत रामबागेतली, म्हणजे इथल्या मराठी वस्तीतली, कोणाची तरी मावशी सापडते. पण हिचा चेहरा रिपोर्ट ऐकताना उतरला नव्हता तेवढा उतरला. तिची नणंद रामबागेतच राहते.

‘‘बाहेर सासूबाई आहेत. त्यांच्याशी मराठी बोलू नका हं. आडनावावरून सगळं काढतील.’’

नवऱ्याची तपासणी कधीच झाली नव्हती. पत्रिका मात्र पाहिली होती. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. दिवस राहिले म्हणून रक्त आधी बाईचं तपासलं जातं, आणि जिचा रिपोर्ट आधी आला तिनेच रोग आणला, हा घरोघरचा हिशेब. इतक्या वर्षांनीही तो ऐकला की माझं डोकं फिरतं.

उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याचा धोका पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जातो. आईने रोज गोळी घेतली, जन्मल्यावर बाळाला औषध दिलं, तर तो पाच टक्क्यांच्या खाली येतो. गोळ्या 2004 पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. हे लिहून द्यायला लागले तर म्हणाली, ‘‘कागद नको, सासूबाई पर्स बघतात.’’

मग सगळा वेळ बाटली कुठे ठेवायची यातच गेला. कपाट सामाईक, स्वयंपाकघर सासूबाईंचं. गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नकोस, ओल लागते, हे माझं पालुपद. शेवटी तिलाच सुचलं: सॅनिटरी पॅडच्या पाकिटात. ‘‘आता बाळंतपणापर्यंत तिकडे कोण बघतंय!’’ आणि चक्क हसली.

2017च्या एचआयव्ही कायद्याने तिला सासरच्या घरातून काढता येत नाही, मारहाणीची किंवा टाकून देण्याची भीती असेल तर आम्ही नवऱ्याला कळवायचं नाही, हेही सांगितलं. ‘‘हाकलल्यावर कायदा घेऊन कुठे जाऊ, ताई?’’ यावर मी गप्प. नवऱ्याला तीच सांगणार होती; सोनोग्राफीच्या निमित्ताने त्याला घेऊन येते म्हणाली.

दार उघडलं तर सासूबाई उभ्याच. माझ्या टेबलावरची पाटी वाचून त्यांनी मराठीतच विचारलं, ‘‘तुम्ही आपल्यातल्या का हो?’’

‘‘जी? मैं समझी नहीं, अम्माजी.’’

त्या सुनेकडे वळल्या. ‘‘आडनाव आपलं आणि भाषा विसरली बघ. एवढा वेळ काय विचारत होती गं ही?’’

‘‘काही नाही हो. लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते.’’

‘‘त्याला अर्धा तास?’’

मी रजिस्टरमध्ये मान घातली आणि पुढचं नाव पुकारलं.