सनस्क्रीन कुठलं लावतेस? तुम्ही विचारलंत म्हणून

जिथे जाईन तिथे कोणीतरी हे विचारतंच. माझे गाल आधी कसे लालबुंद असायचे ते सगळ्यांनी बघितलंय ना. ट्यूबचं नाव सांगून मोकळी झाले असते पण नुसत्या नावाने तुमचं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा लाल होऊन आग होणारा त्वचेचा एक जुनाट आजार. तीन वर्षं मी त्याला पिंपल्सच समजत होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली पटकन कळत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे खूपदा लक्षातच येत नाही. उन्हातून आलं की गाल आणि नाक भाजल्यासारखं होतं, साधं मॉइश्चरायझरसुद्धा चरचरतं, बारीक पुळ्या येतात पण ब्लॅकहेड्स नसतात. मी आधी लिंबू-बेसन लावलं, मग मेडिकलमधून कोणीतरी सुचवलेली एक क्रीम आणली. आठवड्याभरात चेहरा एकदम स्वच्छ, मी खूश, आणि बंद केली की दुप्पट आग. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, यात स्टिरॉइड आहे. कृपा करून असली क्रीम विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका, तिने रोझेशिया नसलेल्यालाही तसाच त्रास सुरू होऊ शकतो.

आता मुद्द्याचं. आपल्या त्वचेला ऊन दोन बाजूंनी त्रास देतं, एक प्रकाश आणि दुसरी उष्णता. गरम लागलं की चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पटकन फुलतात आणि आग सुरू होते. सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, उष्णता नाही! एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता सिग्नलला स्कूटरवर दोन मिनिटं थांबून बघा, वरून ऊन, खालून डांबराची धग, शेजारी बसचं इंजिन, तेव्हा चेहऱ्यावर कितीही महागडं काही लावलेलं असो, गाल पेटतातच. म्हणून माझ्यासाठी आधी वेळ आणि सावली, मग कपडा, आणि सनस्क्रीन तिसरं. घड्याळ बघायची पण गरज नाही, स्वतःची सावली बघा, ती तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर ऊन कडक आहे. पुण्यात तर मेच्या मध्यात शून्य सावली दिवसच येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आणि सावली गायब, त्या दिवसांत दुपारची कामं मी सरळ सकाळवर नाहीतर संध्याकाळवर टाकते.

स्कार्फबद्दल बोलायलाच हवं कारण आपण सगळ्याच बांधतो. नाकातोंडावरून घट्ट आवळलेला सिंथेटिक स्कार्फ आणि वर हेल्मेट, म्हणजे आपलाच गरम श्वास आत कोंडतो, घाम येतो, कापड गालावर घासतं, आणि घरी येऊन सोडलं की स्कार्फच्या कडेने लाल पट्टा उमटलेला असतो. मी आता मऊ सुती ओढणी सैल बांधते, घेताना उजेडासमोर धरून बघते, आरपार दिसलं तर नको. आणि पायी असेन तर छत्री. छत्रीसारखं काही नाही, ती चेहऱ्याला टेकत पण नाही.

सनस्क्रीन घेताना मागे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलंय का बघा, हे मिनरलवाले बऱ्याच जणांना कमी चरचरतात. एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए +++ असलेलं (यूव्हीए या प्रकारच्या अतिनील किरणांपासून किती बचाव होतो त्याची ही खूण), सुगंध नको, आणि थंडगार वाटावं म्हणून मेंथॉल घातलेलं तर अजिबात नको. ३० चं सनस्क्रीन साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० चं ९८, तेव्हा आकड्यासाठी जीव टाकू नका, पुरेसं लावा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, चेहरा आणि मानेला मिळून तेवढं लागतं. चोळायचं नाही, ठिपके देऊन हलक्या हाताने पसरायचं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. पांढरट थर दिसतो अशी सगळ्यांचीच तक्रार असते, त्यावर टिंटेड, म्हणजे त्वचेसारखा रंग घातलेलं, घ्या, त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे रंग मिसळतो आणि काळे डाग पडायची सवय असलेल्यांना त्याचा जास्तीचा फायदा होतो. नवीन ट्यूब मात्र आधी तीन-चार दिवस जबड्याच्या कडेला थोडीशी लावून बघा.

पावसाळ्यात पण लावते, ढगांतूनही बरेच अतिनील किरण खाली येतात, आणि गाडीच्या काचेतून यूव्हीए येतंच. स्वयंपाकघरातली धग हा वेगळाच विषय, फोडणी घालताना मी तोंड मागे घेते आणि चहा कोमट करून पिते, कढत चहाने पण गाल तापतात.

आणि एक, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, पापण्यांच्या कडा लाल असतील, तर अंगावर काढू नका. रोझेशिया डोळ्यांतही होतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी कित्येक महिने कॉम्प्युटरला दोष देत बसले होते.