क्लोनार्ड आणि फिट्झरॉय

उत्तर आयर्लंडमधील १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराचे श्रेय राजकीय नेत्यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र साडेतीन हजारांच्या आसपास माणसांचा बळी घेणाऱ्या, आयर्लंडशी एकीकरण हवे असलेले बहुतांशी कॅथलिक आणि ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे बहुतांशी प्रोटेस्टंट यांच्यातील त्या तीन दशकांच्या संघर्षात, पलीकडच्या माणसाशी बोलणे म्हणजे स्वकीयांचा द्रोह समजला जात असताना, संवादाची वाट ज्यांनी बुजू दिली नाही त्यांत श्रद्धेने बांधलेली माणसे होती, याचे मला विशेष मोल वाटते.

बेलफास्टच्या फॉल्स रोड भागात रिडेम्प्टोरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा क्लोनार्ड मठ आहे आणि त्याच्या अगदी जवळून कॅथलिक व प्रोटेस्टंट वस्त्यांना अलग करणारी उंच भिंत जाते. १९८१ साली, तुरुंगातील उपोषणांत दहा कैद्यांचा मृत्यू होऊन शहर पेटलेले असताना, या मठातील काही कॅथलिक आणि फिट्झरॉय प्रेस्बिटेरियन चर्चमधील काही प्रोटेस्टंट एकत्र बसून बायबल वाचू लागले. त्यासाठी कोणालाही आपला पंथ सोडावा लागला नाही. पोपचा अधिकार, मरियेची भक्ती, प्रभुभोजनाचा अर्थ, हे सारे मतभेद जागच्या जागी राहिले. तरीही वर्षानुवर्षे भेटत राहिल्यामुळे जो विश्वास निर्माण झाला, त्याच्या बळावर क्लोनार्डचे फादर गेरी रेनॉल्ड्स आणि फिट्झरॉयचे पाळक केन न्यूवेल यांना दोन्ही बाजूंच्या कठोर माणसांशीही बोलता आले. या मैत्रीगटाला १९९९ साली पॅक्स क्रिस्टी या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चळवळीचा शांतता पुरस्कार मिळाला.

याच मठातील फादर अ‍ॅलेक रीड यांनी पत्करलेला मार्ग अधिक अवघड आणि बराचसा गुप्त होता. मार्च १९८८ मध्ये बेलफास्टमधील एका अंत्ययात्रेत मोटार घेऊन शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढले, तेव्हा रीड यांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला. त्यांना बाजूला हटवून सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्यावर त्यांनी परत जाऊन त्यांच्यासाठी अंतिम प्रार्थना केली. त्या वेळी त्यांच्याजवळ आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाने, अहिंसक मार्गाचा आग्रह धरणारे कॅथलिक समाजातील नेते जॉन ह्यूम यांच्यासाठी दिलेला चर्चेचा मसुदा होता. पाकिटावर रक्त लागले होते, म्हणून त्यांनी पाकीट बदलले आणि तो मसुदा त्याच दिवशी ह्यूम यांच्याकडे पोहोचवला. इतके पाहिल्यावर चर्चेवरचा विश्वास उडाला असता तरी कोणी त्यांना दोष दिला नसता, आणि म्हणूनच त्या दिवसाची ही दुसरी बाजू सांगितली गेली पाहिजे असे मला वाटते.

सतरा वर्षांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, आयआरएने आपली शस्त्रे निकामी केली तेव्हा साक्षीदार म्हणून रीड यांच्यासोबत मेथडिस्ट पाळक हॅरॉल्ड गुड यांना बोलावण्यात आले. केवळ कॅथलिक धर्मगुरूचा शब्द प्रोटेस्टंट वस्त्यांत पुरेसा ठरला नसता. गुड यांच्या साक्षीनेही सर्वांचे समाधान झाले नाही, पण आपल्याच समाजाचा रोष ओढवेल हे ठाऊक असून ते साक्षीला उभे राहिले.

या माणसांबद्दलचा आदर मनात ठेवूनच एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य मुले आजही आपापल्या समाजाच्या शाळांत वेगवेगळी शिकतात. दोन्ही समाजांच्या मुलांसाठीची पहिली नियोजित एकत्रित शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्येच सुरू झाली. तिच्यासाठी धडपडले ते पालक, आणि आरंभी तिथे केवळ २८ विद्यार्थी होते. अशा शाळांतील मुलांचे प्रमाण अजूनही दहा टक्क्यांच्या आत आहे. प्रौढांनी शेजारी बसून बायबल वाचावे यासाठी ज्या चर्चमधून इतके कष्ट घेतले गेले, त्या चर्चसंस्थांनी मुलांना एका बाकावर बसवण्यासाठी तेवढाच आग्रह धरायला हवा होता, आणि तो धरण्याची वेळ अजून गेलेली नाही.