१९३६ चा मुश्ताक अलींचा फोटो तपासून केसमध्ये बसवला, माझा अनुभव (इंदूर)

रामबागेतल्या एका वाड्याचं जुनं सामान निघालं, त्यात मला १९३६ च्या मँचेस्टर टेस्टचा प्रेस फोटो मिळाला. मुश्ताक अली आणि विजय मर्चंट बॅटिंगला उतरतायत. ह्या टेस्टच्या दुसऱ्या इनिंगमध्ये दोघांनी ओपनिंगला २०३ ची पार्टनरशिप केली, मर्चंट ११४ आणि मुश्ताक ११२, आणि परदेशात टेस्ट सेंचुरी मारणारा पहिला भारतीय, म्हणजे मुश्ताक, आपल्या इंदूरचा ठरला. त्यामुळे फोटो नीट तपासूनच ठेवायचा हे नक्की होतं.

फोटोत मुश्ताकच आहेत हे तर दिसतंच, खरा प्रश्न असतो प्रिंट कधी काढली आणि कशावरून काढली. कलेक्टर लोक ह्याचे चार टाइप धरतात. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांत काढलेली प्रिंट म्हणजे टाइप वन, मूळ निगेटिव्हचीच पण नंतर काढलेली म्हणजे टू. डुप्लिकेट निगेटिव्हवरून (म्हणजे तयार प्रिंटचाच परत फोटो काढून बनवलेली निगेटिव्ह) किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, पण त्याच काळातली, ती थ्री, आणि तशीच पण नंतरची ती फोर. किमतीत ह्याने प्रचंड फरक पडतो.

आधी भिंगाखाली बघितलं. छापील चित्र असेल तर बारीक ठिपके दिसतात, इथे ठिपके नव्हते, राखाडी रंग सलग उतरत गेलेला होता. पॅडच्या पट्ट्या आणि पँटच्या चुण्या वेगवेगळ्या दिसत होत्या, डुप्लिकेट निगेटिव्हमध्ये असं पांढरं बहुतेक सपाट होऊन जातं. मग अंधारात यूव्ही टॉर्च मारला. कागद चमकला नाही. फोटोपेपरमध्ये चमक आणणारं केमिकल १९५० च्या दशकापासून सर्रास यायला लागलं, त्यामुळे चमकला असता तर १९३६ ची प्रिंट म्हणायचा प्रश्नच नव्हता, पण चमकला नाही एवढ्यावरून जुना आहे असं मात्र म्हणता येत नाही कारण नंतरचे काही कागदही चमकत नाहीत. कडांना गडद भागावर निळसर चांदीसारखी झाक होती, अशा जुन्या प्रिंटचं चित्र जेलेटिनच्या थरातल्या चांदीने बनलेलं असतं, ती चांदी वर्षानुवर्षं वर येत गेली की अशी झाक येते.

पण मला सगळ्यात जास्त पटवलं ते पाठीने. एजन्सीचा शिक्का, टाइप केलेली कॅप्शनची पट्टी चिकटवलेली, आणि पेपरच्या ऑफिसचा ऑगस्ट १९३६ चा तारखेचा शिक्का. पुण्याच्या एका जुन्या कलेक्टर काकांकडे स्वतः घेऊन गेलो, त्यांनी फोटो उलटा केला तो बराच वेळ उलटाच ठेवला, शिक्क्याची शाई कागदात मुरलीय का आणि पट्टीचा डिंक जुना आहे का तेच बघत होते, आणि मग म्हणाले, "टाइप वन. आता ही पाठ झाकू नकोस."

अमेरिकेत फोटो तपासून देणाऱ्या कंपनीकडे पाठवून लेबलवाल्या प्लास्टिक केसमध्ये सील करून आणायचं मनात होतं. पण आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि ७५ वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची कागदपत्रं त्यात येतात आणि ती खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाहीत. हा फोटो त्यात बसेल की नाही ह्या वादात पडायचंच नव्हतं, म्हणून इथेच करायचं ठरवलं.

राजवाड्याजवळच्या फ्रेमवाल्याने पहिलंच विचारलं, "भिया, हार्डबोर्ड पे चिपका दूँ?" नको म्हटलं! चिकटवला की शिक्का, पट्टी, तारीख सगळं कायमचं गेलं, म्हणजे पुरावाच गेला. लॅमिनेशनलाही नाही म्हणालो. मग त्याला समोर बसून समजावलं, आणि माणूस चांगला, ऐकलं त्याने. ॲसिड-फ्री कॉटन बोर्डाला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या, फोटो फक्त चार कोपऱ्यांच्या पॉलिस्टर खाचांत अडकवला, कुठेही डिंक नाही, आणि पुढे-मागे यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक लावलं. ॲक्रिलिक आणि फोटोमध्ये बोर्डाच्या जाडीएवढी फट ठेवलीच पाहिजे कारण पावसाळ्यात दमटपणाने जेलेटिन मऊ होतं आणि काचेला चिकटतं, मग सोडवताना चित्रच निघून येतं. पीव्हीसीचे पाऊच स्वस्त मिळतात पण घेऊ नका, त्यातून निघणारी वाफ प्रिंट खाते.

केस आता आतल्या खोलीतल्या कपाटात आहे, बाहेरच्या भिंतीला नाही. कुणाकडे होळकर टीमचे (इंदूरची जुनी क्रिकेट टीम) जुने फोटो असतील तर फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी पाठीचा स्कॅन नक्की काढून ठेवा, आणि मागे नाव लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, अगदी हलक्या हाताने.