कोजागरी आणि मूनकेक एकाच रात्री कसे आले?

6 ऑक्टोबर 2025. सिंगापूरमध्ये आमच्या एचडीबी ब्लॉकखाली (सरकारी घरांच्या इमारतीखाली) चिनी मुलं कंदील घेऊन फिरत होती आणि वर आमच्या स्वयंपाकघरात मसाला दूध आटत होतं. त्यांचा मूनकेक खाण्याचा मध्य-शरद सण आणि आपली कोजागरी एकाच चंद्राखाली. 2023 मध्ये त्यांचा सण 29 सप्टेंबरला होता आणि आपली कोजागरी 28 ऑक्टोबरला. 2024 मध्ये 17 सप्टेंबर आणि 16 ऑक्टोबर. 2026 मध्ये पुन्हा तेच, मूनकेक 25 सप्टेंबरला आणि दूध त्यानंतर महिन्याने. मग मधल्या एकाच वर्षी हे जमलं कसं? आमच्या मराठी गटात "योगायोग" म्हणून विषय मिटला. मला मात्र कारण हवं होतं, आणि ते मिळालं चिनी पंचांगाचं गणित करणाऱ्या एका प्रोग्राममध्ये.

त्याचं नाव शौशिंग वान्न्यानली. चीनमधल्या शाळेतल्या एका शिक्षकाने तो लिहिला आणि सगळ्यांना मोफत देऊन टाकला. संगणकावर उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. पडदा चिनी अक्षरांनी भरलेला असतो, पण आकडे तर आपल्याला वाचता येतातच, आणि पंचांग पाहत वाढलेल्या माणसाला बाकीचं ओळखू येतं: अमावास्येची वेळ, पौर्णिमेची वेळ, सूर्याचा टप्पा, महिना 29 दिवसांचा की 30, अधिक आहे की नाही. आत पृथ्वीसाठी व्हीएसओपी 87 आणि चंद्रासाठी ईएलपी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांच्या गणितश्रेणी आहेत. वर्ष टाकलं की सूर्य-चंद्राच्या जागा नव्याने काढल्या जातात.

चिनी महिना आपल्यासारखाच अमान्त, आणि त्यांनाही अधिक महिना लागतो. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे ते 15 अंशांचे 24 टप्पे करतात. त्यातले एकाआड एक 12 मुख्य, म्हणजे आपल्या भाषेत सायन, वसंतसंपातापासून मोजलेल्या, संक्रांती. दक्षिणायनान्ताचा, म्हणजे 21-22 डिसेंबरचा दिवस ज्या महिन्यात येतो तो नेहमी अकरावा. एका अकराव्यापासून पुढच्या अकराव्यापर्यंत 13 महिने भरत असतील, तर त्यातला मुख्य टप्पा नसलेला पहिला महिना अधिक. आपला नियमही संक्रांत नसलेला महिना शोधतो, पण आपली संक्रांत निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजलेली. दोन्हींत सुमारे 24 अंशांचा फरक, म्हणजे अयनांश, असल्यामुळे अधिक महिना दोघांकडे वेगवेगळ्या वेळी पडतो. 2025 मध्ये त्यांनी सहाव्या महिन्यानंतर अधिक सहावा घातला, आणि आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये. त्यांचा आलाय आणि आपला यायचाय, एवढ्या मधल्या काळात त्यांचा आठवा महिना आपल्या आश्विनावर बरोबर बसला. घटस्थापना आणि त्यांच्या आठव्या महिन्याचा पहिला दिवस, दोन्ही 22 सप्टेंबरला.

या अधिक सहाव्याचा शेवट मी प्रोग्राममध्ये कितीतरी वेळ बघत बसले होते. 23 ऑगस्ट 2025 ला बीजिंगच्या वेळेने पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्याने मुख्य टप्पा ओलांडला, आणि त्याच दिवशी दुपारी दोननंतर अमावास्या झाली. घड्याळ बघितलं तर टप्पा आधी, अमावास्या नंतर. म्हणजे टप्पा जुन्या महिन्यात पडायला हवा, आणि मग तो महिना अधिक राहत नाही. पण चिनी पंचांग तास बघत नाही, दिवस बघतं. ज्या दिवशी अमावास्या, तो अख्खा दिवस मध्यरात्रीपासून नव्या महिन्याचा. त्यामुळे पहाटेचा टप्पाही नव्या महिन्यात मोजला गेला. आपल्या ज्योतिषगणितात संक्रांतीचा क्षण आणि अमावास्येचा क्षण यांचीच तुलना होते. घडतं ते आकाशात एकच, पण त्याचा हिशोब दोघांनी दोन रीतींनी मांडला आहे, आणि मला तरी दोन्हींत उणंदुणं काढावंसं वाटत नाही.

याच दिवसाच्या नियमामुळे त्यांची प्रतिपदा कधी आपल्याबरोबर, तर कधी एक दिवस आधी येते. 29 जानेवारी 2025 ला अमावास्या भारतात संध्याकाळी सहाच्या सुमारास संपली. त्या दिवशी प्रयागराजला मौनी अमावास्येचं स्नान होतं आणि इथे चिनी नववर्षाचा पहिला दिवस. आपली माघ शुद्ध प्रतिपदा दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची. घटस्थापनेच्या वेळी अमावास्या भारतात मध्यरात्रीनंतर, सूर्योदयाच्या आधीच संपली होती, म्हणून दोघांची तारीख एक. शिवाय त्यांच्याकडे क्षयतिथी किंवा वृद्धितिथी नाही. अमावास्येच्या दिवसापासून एक, दोन, तीन असं सरळ मोजायचं. त्यामुळे पौर्णिमा अनेकदा सोळाव्याला पडते. 2025 च्या मध्य-शरदातही चंद्र पूर्ण झाला तो 7 ऑक्टोबरच्या दुपारच्या सुमारास, म्हणजे सोळाव्याला.

आमच्या मजल्यावरच्या एका अंकलचा जन्म 1960 च्या अधिक सहाव्या महिन्यातला. एरवी घरचे वाढदिवस साध्या सहाव्यात करतात, पण 2025 मध्ये अधिक सहावा आला म्हणून मुलींनी मोठं जेवण ठेवलं होतं. आधीची वर्षं कोणती हे त्यांना नक्की आठवत नव्हतं. लॅपटॉप त्यांच्याकडे नेऊन दाखवलं: 1979, 1987, 2017. पुढचं 2036. अंकल 2036 कडे बोट दाखवून नुसते हसले, आणि आंटींनी ते वर्ष भिंतीवरच्या लाल कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं.

फोनवरची बहुतेक अ‍ॅप्स असं काही मोजत नाहीत. त्यांच्या पोटात साधारण 1900 ते 2100 या वर्षांचं तयार कोष्टक असतं. प्रत्येक वर्षाचे महिने 29 चे की 30 चे आणि अधिक महिना कुठला, एवढं सगळं 17 बिटांत मावतं. जलद आहे, छोटं आहे, रोजच्या वापराला पुरेसंही आहे. पण कोष्टकाला "का?" विचारता येत नाही, आणि त्यात एक चूक शिरली की ती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नकलत जाते. मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये आपण कोणत्या रेखांशाची वेळ धरायची ते बदलून बघू शकतो. 1985 चं उदाहरण यासाठी उत्तम. डिसेंबर 1984 मध्ये सूर्याचा दक्षिणायनान्त बीजिंगच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या आत झाला, म्हणजे 22 तारखेला. हनोईचं घड्याळ एक तास मागे, तिथे अजून 21 तारीख. आणि 22 लाच अमावास्या, म्हणजे नवा महिना. एवढ्याशा फरकाने अकरावा महिना बदलला आणि व्हिएतनामचं नववर्ष 21 जानेवारीला आलं, चीनचं 20 फेब्रुवारीला.

आपल्याकडे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी येतात, त्याचं मूळही अयनांशाच्या निवडीत आहे. घराघरांत याच्यावर वाद होतात, पण दोन्ही अयनांश शेजारी ठेवून संक्रांत आणि अमावास्या कुठे आल्या हे दाखवणारा, मराठीतला, सर्वांना खुला असा साधा प्रोग्राम मला हवा आहे. चिनी लोकांनी नियमही उघडे ठेवले आहेत. 2017 मध्ये नानजिंगच्या पर्पल माउंटन वेधशाळेच्या मसुद्यावरून चीनचं राष्ट्रीय मानकच प्रसिद्ध झालं, त्यात रेखांशापासून अधिक महिन्यापर्यंत सगळं लिहिलेलं आहे. ते वाचून कुणीही आपला प्रोग्राम लिहावा.

तुमच्यापैकी कुणाला असा प्रोग्राम उतरवून घ्यायचा असेल तर आधी त्यात 2033 टाका. सातव्या महिन्यानंतरच्या महिन्यात मुख्य टप्पा नाही, म्हणून जुन्या पंचांगांनी तिथे अधिक सातवा छापला होता. पण मागच्या अकराव्यापासून पुढच्या अकराव्यापर्यंत 12 च महिने होतात, आणि अधिकाची गरजच नसते. तो महिना अधिक धरला तर दक्षिणायनान्त दहाव्यात जातो. ही चूक 1990 च्या दशकात लक्षात आली, आणि तेव्हा सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात असलेले गणितज्ञ हेल्मर आस्लाकसेन यांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं. बरोबर उत्तर अधिक अकरावा, 22 डिसेंबर 2033 पासून. तुमच्या प्रोग्रामने त्या वर्षीचा मध्य-शरद सण 8 सप्टेंबरला दाखवला तर तो ठेवा. 7 ऑक्टोबर दाखवला तर आत जुनंच कोष्टक आहे, तो काढून टाका.