निराधारचा पगार: मंजुरीनंतर पैसे कुठे अडकतात

खानदेशात संजय गांधी निराधार योजनेला कोणी योजना म्हणत नाही, 'पगार' म्हणतात. विधवांना महिन्याला 1500 रुपये. गावातल्या बायकांचे हे अर्ज मी भरून देतो. नुकतंच एका विधवा मावशींचं प्रकरण शेवटपर्यंत नेलं. त्यात कुठे काय अडलं ते लिहितो.

पहिला अडसर मृत्यू दाखल्याचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, आणि मृत्यू जिथे झाला तिथेच ती होते. आपल्याकडची कितीतरी माणसं सुरतला कामाला असतात. माणूस तिकडे वारला तर दाखलाही तिकडचाच मिळतो, पण घरचे इथल्या ग्रामसेवकाकडे फेऱ्या मारत राहतात. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंदच होत नाही. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतही घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं.

दुसरा उत्पन्नाचा दाखला. मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1750. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी रोज 312 रुपये होती. त्या दराने 68 दिवस काम केलेली बाई मर्यादेच्या बाहेर जाते. कापूस वेचून, केळीच्या बागेत निंदणी करून दोन मुलं सांभाळणारी विधवा यात बसणार कशी? तलाठी आप्पा चौकशीला आले की खरं सांगणारीच अडकते. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात हीच मर्यादा 44,000 आहे. निराधारलाही किमान तेवढी लावावी. बाकी सगळ्या सुधारणांआधी ही व्हायला हवी.

रहिवासी दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या वयाचे पुरावे यांत फारसं अडत नाही. नाव मात्र सगळीकडे सारखं हवं. आधारवर 'सुमनबाई' आणि पासबुकावर 'सुमन' असेल तर अर्ज देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

मावशींचा अर्ज मंजूर झाला, यादीत नाव आलं, पण पासबुक कोरंच. "मना पैसा कथा गयात, भाऊ?" दर आठवड्याला हाच प्रश्न. शाखेत विचारलं तर उत्तर मिळायचं, आधार लिंक आहे. घोळ इथेच होतो. खात्याला आधार नंबर जोडणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी आधारवर बँक ठरवणं, म्हणजे सीडिंग, वेगळं. थेट हस्तांतराचे (डीबीटी) पैसे अर्जासोबत दिलेलं पासबुक बघत नाहीत. ज्या बँकेत आधारचं सीडिंग शेवटी झालं, तिथे ते जातात. मावशींनी गटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, अंगठा तिथे दिला होता. चार महिन्यांचे 6000 रुपये त्या खात्यात पडून होते.

हे घरबसल्या बघता येतं. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, ते दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटी सीडिंगचा संमती अर्ज मागा, आधीच्या बँकेचं नाव त्यात लिहा आणि झेरॉक्सवर शिक्का घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. बदल दिसल्याशिवाय जुनं खातं बंद करू नका.

पगार सुरू झाला तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतोच. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा वेळी बोलावणं आलं तर पगार बंद पडतो आणि तो का थांबला हे कोणी कळवतही नाही. जी म्हातारी दर महिन्याला रेशनच्या मशीनवर अंगठा देते, ती जिवंत असल्याचा आणखी कोणता पुरावा हवा? कापूस वेचून रेषा झिजलेला तो अंगठा पदराला पुसत, दहाही बोटं टेकवून बघत, ती धान्य घेते. तीच नोंद तहसीलच्या निराधार शाखेला पाठवली तर तिची एक खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचेल.

आणखी एक करता येईल. मंजूर, नामंजूर आणि थांबवलेल्या नावांची यादी कारणासह दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मावशींच्या नावापुढे 'पैसे या बँकेत जमा' एवढंच लिहिलेलं असतं, तर ते 6000 पहिल्याच महिन्यापासून हाती आले असते.