हलक्या हाताचं काम

पडद्यांसाठी कापड घ्यायला म्हणून सांगानेरला गेले आणि अख्खा दिवस तिथेच गेला. जयपूरपासून अगदी जवळ.

तिथे कारागीर लाकडी ठशांनी पांढऱ्या लिननवर गुलाबी बुट्टी छापत होते. एका फुलाला दोन-तीन ठसे! आधी ‘रेख’, म्हणजे बाह्यरेषा, मग ‘दत्ता’ पाकळ्या भरायला. जमीन, म्हणजे फुलामागचं कापड, रंगवायची असेल तर ‘गद’ वेगळा. शिसमाच्या ठोकळ्याला आरपार बारीक भोकं असतात, हवा निघून जावी म्हणून. नाहीतर रंग धड उमटत नाही. ठशाच्या कोपऱ्यात एक टिंब असतं, पुढचा ठसा त्यावरच जुळवायचा. मला वाटलं, त्यात काय एवढं! छापणाऱ्या चाचांनी एक तुकडा पुढे सरकवला. माझी तिसरीच पाकळी देठ सोडून पळाली. चाचा हसले, “बेटी, हाथ हल्का रखो, मुक्का ज़ोर से.” ठसा अलगद ठेवायचा आणि पाठीवर मूठ दणकन मारायची. संध्याकाळपर्यंत तळहात लाल.

आणि हो, लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. तीच आपली चटणीतली जवस! लिनन आटतं, त्यामुळे शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या. मागच्या वेळी न धुता शिवलेले पडदे पहिल्या धुण्यात चार बोटं वर गेले, खिडकीला जणू हाफपँट.

यावेळी बारा मीटर आणलंय. माझा फसलेला तुकडाही आणलाय, त्याची उशीची खोळ होणार. आई म्हणते, वाकडं फूलच जास्त खरं वाटतंय. आईच ती!