विंडोज १० चा शेवटचा दिवस

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

वसुबारस शुक्रवारी आहे आणि एका दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, अजून माझ्या टेबलावरून हललेला नाही. दिवाळी अंकाने दिवाळी उलटल्यावर वाचकांच्या हाती पडण्याची चाल आपल्याकडे जुनीच असल्यामुळे संपादकांना त्याची फारशी खंत दिसली नाही. माझे लक्ष मात्र दिवसभर दुसऱ्याच मुदतीकडे होते. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नियमितपणे मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या आजनंतर थांबत आहेत. माझी सगळी पाने ज्या संगणकावर लागतात, तो २०१४ साली सुटे भाग जुळवून घेतलेला, चौथ्या पिढीच्या कोअर आय-फाइव्ह प्रोसेसरचा आहे. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; माझ्या यंत्रात दोन्ही नाहीत. यंत्र बिघडलेले नाही, मंदावलेलेही नाही. सकाळी बटण दाबले की ते पूर्वीइतक्याच निमूटपणे चालू होते, आणि म्हणूनच त्याला निरोप देण्याचा विचार इतके दिवस मनावर घेतला नव्हता.

मुदत वाढवून घेण्याची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. तीस डॉलर भरले, किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून संगणकाची मांडणी त्यांच्या साठवणीत ठेवण्यास संमती दिली, तर पुढच्या वर्षीच्या १३ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त्या मिळत राहतात. पण वर्षभराने मला याच टेबलाशी हाच विचार करत बसावे लागेल, तेव्हा तो आत्ताच करावा असे ठरवून रविवारी एका जुन्या प्रूफाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला घेतला.

पहिला आकडा भाच्याने दिला. तो हिंजवडीत नोकरी करतो, कंपनीने दिलेला मॅक वापरतो आणि मॅकविषयी बोलताना त्याचा स्वर थोडा कीर्तनकारासारखा होतो. "मावशी, मॅक मिनी घेऊन टाक, दहा वर्षे बघायला नको," असे त्याचे म्हणणे. गेल्या वर्षी आलेल्या एम-फोर चिपच्या मॅक मिनीची भारतातली छापील किंमत ५९,९०० रुपये आहे. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण मिळते. अमेरिकेत तोच ५९९ डॉलरला मिळतो, म्हणून आपण फसवले जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मी गुणाकार करून पाहिला. तो बाजारात आला तेव्हाच्या सुमारे ८४ रुपयांच्या दराने ५९९ डॉलरचे पन्नास हजार तीनशे रुपये होतात आणि अमेरिकेतल्या किमतीत कर धरलेला नसतो. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी चढवला की रक्कम एकोणसाठ हजारांच्या पुढे जाते. आजचा दर ८८ च्या वर आहे, त्या हिशेबाने तर आपल्याकडची किंमत किंचित कमीच पडते. मॅक मिनीबरोबर पडदा, कळफलक आणि माऊस मिळत नाही, पण ते तिन्ही माझ्याकडे आहेतच. खरी मेख पुढे आहे. साठवण २५६ ऐवजी ५१२ जीबी हवी असेल तर २०,००० रुपये जास्त मोजावे लागतात, आणि मेमरी चिपबरोबरच बसवलेली असल्यामुळे ती पुढे कधी वाढवताही येत नाही. माझ्या २०१४ च्या यंत्रात मी मेमरी दोनदा वाढवली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली; ते अकरा वर्षे टिकले ते या डागडुजीवरच.

दुसरा आकडा नेहमीच्या दुकानदाराकडून आला. बाराव्या पिढीचा आय-थ्री, १६ जीबी मेमरी, ५१२ जीबी एसएसडी, मदरबोर्ड, कॅबिनेट हे सगळे मिळून त्याने तीस हजारांच्या आत बसवून दिले आणि नंतर आवाज जरा खाली घेऊन विचारले, "ताई, विंडोज ओरिजिनल टाकायचे, की नेहमीचे?" या 'नेहमीचे' शब्दात आपल्याकडच्या संगणकाच्या बाजारपेठेचा अर्धा इतिहास आला. विंडोज ११ होमचा परवाना दहा हजारांच्या आसपास पडतो. 'नेहमीचे' तो फुकट टाकून देतो. म्हणजे कागदावर चाळीस हजार विरुद्ध साठ हजार अशी असलेली तुलना गल्लीत आली की तीस विरुद्ध साठ होते.

या 'नेहमीचे'ची झळ मॅकपेक्षा लिनक्स या तिसऱ्या संगणकप्रणालीला अधिक लागली असावी, असे मला वाटते. मॅकचे गिऱ्हाईक मुळात निराळे असते. लिनक्सचे मोठे बळ मात्र त्याला पैसे पडत नाहीत हे होते, आणि ज्या बाजारात विंडोजलाही कोणी पैसे मोजत नाही, तिथे हे बळ दाखवायचे कोणाला? १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात बिल गेट्स यांनी चीनच्या संदर्भात हीच गोष्ट उघडपणे सांगितली होती: लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे वसुलीचा मार्ग निघेल, अशा आशयाचे ते बोलणे होते. मी स्वतः व्यवसायाच्या पहिल्या सहा वर्षांत 'नेहमीचे'च वापरले आहे, हेही रोजनिशीत लिहून ठेवायला हरकत नाही.

लोकप्रियतेचा मुद्दा भाच्याने काढला नव्हता, तो माझ्याच मनात आला. कारण ज्या यंत्रावर चार लोक काम करतात त्याचा दुरुस्ती करणारा गल्लीत सापडतो. स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत जगातल्या डेस्कटॉपपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास विंडोज दिसते, मॅक पंधराच्या आगेमागे, आणि लिनक्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा चार टक्के ओलांडले. या आकड्यांकडे मी कुतूहलाने पाहत असे. ते कसे निघतात हे कळल्यावर सावधपणे पाहू लागले. संकेतस्थळांना पडणाऱ्या भेटींवरून ही मोजणी होते. माझा पाने लावणारा संगणक दिवसाचे दहा तास चालतो आणि इंटरनेटवर जेमतेम दहा मिनिटे असतो, म्हणजे या मोजणीत तो जवळजवळ नाहीच. उलट, आयडीसीसारख्या संस्था कारखान्यांतून रवाना झालेली यंत्रे मोजतात. त्या मोजणीत ॲपलचा वाटा गेल्या वर्षी दहा टक्क्यांच्या आतच होता. एका मोजणीत पंधरा आणि दुसरीत दहाच्या आत, हा फरक मॅक अधिक वर्षे वापरात राहतात म्हणून पडतो की त्यांचे मालक इंटरनेटवर अधिक वेळ घालवतात म्हणून, हे आकडे स्वतः सांगत नाहीत. आणि लिनक्स तर विक्रीच्या मोजणीत सापडणे अवघडच. माझ्याकडचा दुसरा संगणक म्हणजे २०१६ साली विंडोजसह घेतलेला लॅपटॉप. विक्रीच्या खात्यात तो कायमचा विंडोजच्या नावावर जमा आहे, पण गेली दोन वर्षे त्यावर लिनक्स मिंट चालते. आणखी एक गंमत अशी, की या महिन्यातही विंडोज वापरणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक विंडोज १० वरच आहेत. विंडोज ११ ला मॅकने किंवा लिनक्सने जेवढे अडवले नाही, तेवढे तिच्याच थोरल्या बहिणीने अडवले.

लोकप्रियता कशी घडते याचे एक उदाहरण माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. माझ्याकडे काम करणारी मुलगी एमएस-सीआयटी करून आली. महाराष्ट्रात या शतकाच्या पहिल्या दशकापासून लाखो मुलांनी हा अभ्यासक्रम केला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरण गावोगावच्या केंद्रांतून पक्के झाले. केरळने त्याच दशकात सरकारी शाळांतले संगणक-शिक्षण लिनक्सवर नेले. तिथली मुलगी माझ्याकडे नोकरीला आली असती तर ती कदाचित विंडोजपुढे बिचकली असती. या मुलीला मी मिंटवर बसवले तेव्हा ती पहिले दोन दिवस "ताई, हे बरोबर दिसत नाही" एवढेच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तिला लिबरऑफिसमध्ये मजकूर टंकताना पाहिले आणि तक्रार थांबली. ही सवय बदलण्याचा खर्च मी कागदावर तीन दिवसांचा पगार असा मांडला. तो किरकोळच निघाला.

खरा खर्च कपाटात आहे. १९९८ पासूनच्या सीडी आणि नंतरच्या हार्ड डिस्क तिथे आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक पुस्तके पेजमेकर या पाने लावण्याच्या आज्ञावलीत लावलेली आहेत. पेजमेकर जुलै १९८५ मध्ये आला तो आधी मॅकवर. मॅकिंटॉश आणि सात हजार डॉलरचा लेसरवायटर छपाईयंत्र यांच्या जोडीला पेजमेकर मिळाला आणि अक्षरजुळणीचा धंदा जगभर टेबलावर आला. मी ज्या छापखान्यात काम शिकले तिथेही एक मॅक होता आणि त्याला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती. आमच्यासारख्या छोट्यांना मात्र पीसीच परवडला, कारण आयबीएमने १९८१ साली आपले यंत्र बाजारातल्या तयार भागांतून बनवले आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरची डॉस ही संगणकप्रणाली इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. तिथून त्या यंत्राच्या नकलांचा जो पूर आला तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारापर्यंत पोहोचला. देवनागरीही आपल्याकडे त्याच वाटेने आली, सीडॅक या सरकारी संस्थेचे, भारतीय लिप्या पडद्यावर आणणारे जिस्ट कार्ड पीसीमध्येच बसत असे. आज उलटे झाले आहे. मॅकवर जन्मलेला पेजमेकर आजच्या मॅकवर मुळीच चालत नाही, विंडोजवर मात्र तो २००१ सालची शेवटची आवृत्ती घेऊन अजून कण्हत-कुंथत चालतो.

त्या पानांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, नाही. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि ते दिसतात त्या क्रमाने टंकले जात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. रूपांतर करणारी आज्ञावली वेलांटीला बहुधा योग्य जागी नेते, पण रफार जोडाक्षरावर असला की ती गोंधळते, आणि 'सामर्थ्य'चे 'सामथ्र्य' होते. वृत्तपत्रांच्या जुन्या संग्रहांत हे 'सामथ्र्य' अनेकांनी पाहिले असेल. तीनशे पानांचे एक पुस्तक रूपांतरित करून पुन्हा डोळ्यांखालून घालायला मला आठ दिवस लागले. असे दोनशेच्या वर ग्रंथ कपाटात आहेत. लेखकाला दुसरी आवृत्ती काढायची असते तेव्हा त्याला चार शब्द बदलून हवे असतात आणि त्या चार शब्दांसाठी मला जुने यंत्र लागते. हा आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा मॅक आणि पीसी यांच्या किमतीतला वीस हजारांचा फरक अगदी लहान दिसू लागला.

लिनक्सवर जुने काम चालते का, हेही गेल्या महिन्यात पाहिले. विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालवणारे वाइन वापरून पेजमेकर उघडला, पण फॉन्टच्या संचाबरोबर मिळालेले कुलूप, म्हणजे यूएसबीला लावायचे डोंगल, काही केल्या ओळखले गेले नाही. ज्यांच्याकडून ते घेतले होते त्यांना दूरध्वनी केला, तर नवा संच घ्या असे उत्तर मिळाले. नव्या कामापुरते बोलायचे तर लिनक्सची स्थिती दहा वर्षांपूर्वीसारखी राहिलेली नाही. स्क्रायबस या पाने लावण्याच्या फुकट आज्ञावलीची जुनी आवृत्ती जोडाक्षरे तोडत असे. गेल्या वर्षी आलेल्या १.६ मध्ये ती नीट लागतात आणि फॉन्ट योग्य निवडला तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. पण प्रकाशक पाने लावण्याच्या इनडिझाइन या आज्ञावलीची फाइल मागतात आणि इनडिझाइन विंडोज व मॅक या दोहोंवरच चालते. त्याचे भाडे दोन्हीकडे सारखेच आहे.

म्हणून ठरले ते असे. दिवाळीनंतर पीसीच घ्यायचा, विंडोज परवान्यासह. दुकानदाराला तसे सांगितले तेव्हा त्याने मला जरा निरखून पाहिले. मिंटवर पत्रव्यवहार, बिले आणि बाहेरून येणाऱ्या पेनड्राइव्हची तपासणी. अकरा वर्षांचा संगणक ठेवायचा, पण इंटरनेटशिवाय. भाच्याला अजून कळवलेले नाही. तो भाऊबीजेला येईल तेव्हा त्याच्या पानात दोन करंज्या जास्त वाढून सांगेन.

मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या त्यांच्याकडे सकाळी दहाला सुटतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. तोपर्यंत फॉर्मचे शेवटचे प्रूफ वाचत बसले. अकराच्या सुमारास विंडोज १० ची शेवटची दुरुस्ती उतरली, यंत्र एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाले, आणि मी टेबलाखाली वाकून नेटवर्कची तार काढली. तार कोळिष्टकांनी माखली होती. ती पुसून, गुंडाळून खणात ठेवली आणि प्रूफाच्या सत्ताविसाव्या पानावरचा रफार दुरुस्त केला.